तांबं दमतं

‘कॉम्प्युटरमध्ये तारांऐवजी प्रकाश’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आता सगळं सुसाट! मलाही कॉलेजात असंच वाटायचं. पण काचतंतूतून प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 20 सेंटिमीटर जातो, आणि चांगल्या तांब्याच्या तारेतला सिग्नलही जवळपास तेवढाच. म्हणजे तांबं मागे पडत नाही, ते दमतं. सेकंदाला 100 अब्ज बिट्स एका जोडीतून ढकलायचे, तर दोन-तीन मीटरमध्येच सिग्नल ओळखू येईनासा होतो. काचेला शंभर मीटर म्हणजे काहीच नाही.

मग सगळीकडे काचच का नाही? कारण विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची पुन्हा वीज करायची, तर प्रत्येक वेळी जकात भरावी लागते. एनव्हीडियाने 2024 मध्ये एका रॅकमध्ये 72 जीपीयू जोडले ते 5000 हून जास्त तांब्याच्या केबल्सनी. प्रकाश वापरला असता तर नुसत्या या जकातीत 20 किलोवॅट गेले असते, असं त्यांचंच म्हणणं.

चिप्स प्रकाशाने जोडण्याचा विचार जुना आहे. गुडमन आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा गाजलेला पेपर 1984 चा. (चार लेखकांत एक आठले आहेत, हे बघून उगाचच बरं वाटलं.) तेव्हापासून हे ‘येतंय, येतंय’ चालू आहे.

मला खरी गंमत वाटली ती गूगलच्या टीपीयू व्ही-4 ची. 4096 चिप्स, 64-64 च्या गठ्ठ्यांत. गठ्ठ्याच्या आत तांबं, बाहेर काच. मध्ये इवलेसे आरसे, जे कलून एका तंतूतला प्रकाश दुसऱ्या तंतूत सोडतात. एखादा गठ्ठा बिघडला की आरसे वळवून दुसरा जोडायचा. माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आमचाच बोर्ड की रे!" अगदी बरोबर. आरसा निरोप वाचत नाही, नुसता जोडून देतो. म्हणून जकातही वाचते. 2023 च्या त्यांच्या पेपरात या सगळ्या प्रकाशी जोडणीचा खर्च यंत्राच्या 5 टक्क्यांच्या आत दिला आहे.

आता प्रकाश थेट स्विचच्या चिपशेजारी आणायची खटपट चालू आहे. एनव्हीडियाने 2025 मध्ये तसे स्विच जाहीर केले. त्यातही लेसर मात्र बाहेर, काढता-घालता येईल असा. उष्णतेने आधी तोच जातो ना!