बे आणि चाळीस

माझी लेक मला ‘मामा’ म्हणते. डचमध्ये आईला तेच म्हणतात. व्हिडिओ कॉलवर हे पहिल्यांदा ऐकून सांगलीतली माझी आई हसून हसून बेजार झाली. “अगंबाई, आईचाच मामा केला! मग खऱ्या मामाला काय म्हणणार ही?” आम्हीही हसलो. आता लेक साडेसहा वर्षांची आहे, धाकटा तीनचा, आणि त्या विनोदावर मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

आम्ही नेदरलँड्सच्या दक्षिणेला, आइंडहोवनला राहतो. नवरा इथलाच. डेल्फ्टला मास्टर्स करताना भेटलो, तेव्हा मला डच येत नव्हतं आणि त्याला मराठी. प्रेम इंग्रजीत झालं, भांडणंही इंग्रजीतच झाली. लेक पोटात असताना मी रीतसर अभ्यास केला. एका पालकाने मुलाशी एकच भाषा बोलायची, अशी एक जुनी पद्धत आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा याने १९१३ साली आपल्या मुलावर पुस्तक लिहिलं. बाप फ्रेंच बोलायचा, आई जर्मन, आणि पोरगा दोन्ही शिकला. आमचंही ठरलं. तो डच बोलणार, मी इंग्रजी.

मी इंग्रजी का? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मीही नाही. जेवणाच्या टेबलावर नवरा एकटा पडू नये, हे एक कारण होतं. दुसरं कारण जुनं आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवलं आणि मला मात्र पोटाला चिमटा काढून इंग्लिश मीडियमला घातलं. नातीशी मी इंग्रजी बोलणार म्हटल्यावर ती खूशच झाली. “बरंय, फाडफाड बोलेल.”

पहिली चार वर्षं सगळं ठरल्यासारखं चाललं. माझ्याकडे ‘मिल्क’ मागायचं, बाबाकडे ‘मेल्क’. इथे चार वर्षं पूर्ण झाली की मुलं शाळेत जायला लागतात. लेक शाळेत गेली आणि सहा महिन्यांत घरातली इंग्रजी ओसरली. मी इंग्रजीत विचारायचे, उत्तर डचमध्ये यायचं. एकदा शाळेच्या दारात मी तिच्या बाईंशी डचमध्ये बोलत होते. लेकीने माझा हात ओढला. “मामा, असं नाही.” आणि घशातून काढायचा तो ‘ख’ तिने मला सगळ्यांसमोर नीट म्हणून दाखवला. बाई हसल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत सायकलवर मी एक शब्द बोलले नाही.

नेमकं काय लागलं, ते बऱ्याच दिवसांनी कळलं. डचमध्ये मी कच्ची आहे, याचं दुःख नव्हतं. तिच्याशी बोलायला मी जी भाषा निवडली होती, तीही माझी नव्हती. माझी इंग्रजी मीटिंगची आहे, ईमेलची आहे, अप्रेझलची आहे. लेकीला ताप आला की माझ्या तोंडून “सोन्या, बाळा” येतं आणि राग आला की “आता बास हं!” तिच्या वाट्याला माझी मराठी आली ती तापात आणि ओरडा खाताना. मधली सगळी वर्षं मी तिच्याशी ऑफिसच्या भाषेत बोलले.

मग पुन्हा वाचायला घेतलं. बेल्जियमच्या अ‍ॅनिक डी हाउवर यांनी अँटवर्पमधल्या डच-इंग्रजी बोलणाऱ्या एका लहान मुलीचा अभ्यास केला होता. मूल दोन्ही भाषांचं व्याकरण वेगवेगळं सांभाळतं, असं त्यात दिसलं. बरं वाटलं. पण पुढे त्यांनीच फ्लँडर्समधल्या सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही सुमारे पाव मुलं ती बोलत नव्हती. डच मात्र सगळ्यांना येत होतं. हे वाचून मी इंग्रजीची काळजी करत बसले. मराठी माझ्या काळजीच्या यादीतसुद्धा नव्हती.

ती यादीत आली गणितामुळे.

आम्ही दुकान-दुकान खेळत होतो. मी म्हटलं, “फोर्टी-टू युरो.” तिने लिहिलं २४. मी चूक दाखवली, तर पेन्सिल फेकून म्हणाली, “इंग्रजी उलटी आहे!” तिचं बरोबर होतं. डचमध्ये ४२ म्हणजे ‘त्वेअन्फेर्तख’, आधी दोन, मग चाळीस. मी न ठरवता म्हणून गेले, “माझ्या भाषेतही तुझ्यासारखंच आहे. बेचाळीस. बे म्हणजे दोन.”

ती बघतच राहिली. “तुझ्या भाषेत? इंग्रजी तुझी नाही?”

काय सांगणार होते? त्याच रविवारी आईला फोन लावून दिला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बेचाळीस’ऐवजी ‘चाळीस दोन’ अशी वाचनाची सोपी पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता. आई रिटायर झालेली असूनही आठवडाभर तणतणत होती. आता तिला आयती विद्यार्थिनी मिळाली. आजी आकडा म्हणते, नात लिहून दाखवते. ‘एकोणतीस’वर नात अडली. “तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस,” असं आजीने बोटं दाखवून समजावलं, तेव्हा ती खिदळायलाच लागली. एरवी “जेवलीस? गुड गर्ल!” एवढ्यावर दोन मिनिटांत संपणारा कॉल हल्ली वीस मिनिटं चालतो.

एवढ्याने ती मराठी बोलायला लागेल, अशा भ्रमात मी नाही. तिच्याशी माझं अजून बरंचसं इंग्रजीतच चालतं. ती सवय एका रात्रीत मोडत नाही, आणि ती इंग्रजीही आता आमच्या दोघींची झाली आहे. पण धाकट्याशी मी मराठीच बोलते. तो डचमध्ये उत्तर देतो. टेबलावर नवरा एकटा पडेल, या भीतीने मी सहा वर्षं गप्प होते. एकदा हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, “मला विचारलं होतंस का?”

नव्हतं विचारलं.

परवा आजी फोनवर म्हणाली, “शाब्बास माझं लेकरू!” लेकीने मान वर केली. डचमध्ये ‘लेकर’ म्हणजे चविष्ट. “आजी काय खातेय?” मी सांगितलं, खात नाहीये, तुला म्हणतेय. तिने ते धाकट्याला डचमध्ये समजावलं. मी मध्ये पडले नाही.