गोपाळपूरची वाट

मार्गशीर्ष महिन्यांत पंढरीचा विठोबा देवळांत नसतो, तो विष्णुपदावर राहावयास जातो, ही समजूत आमच्या सोलापूर जिल्ह्यांत लहान पोरांसहि ठाऊक असते. देवानेंहि महिनाभर घर सोडावें, याची लहानपणीं आम्हांस गंमत वाटे. यंदा मार्गशीर्षांत सोलापुराहून पंढरपुरास निघालों, तेव्हां मात्र तोच विचार मनाला टोंचत होता. कारण या खेपेस घर सोडावयाचें होतें तें आमच्या काकूंनीं.

काकू म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांच्या पत्नी. वय शहाऐंशी. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, पोटीं मूल नाहीं. आमची आई लवकर गेली. आम्हां चौघां भावंडांना न्हाऊंमाखूं घातलें तें काकूंनीं. दक्षिण कसब्यांतील आमच्या वाड्यांत एके काळीं पंगतीवर पंगत उठे. आज तेथें आम्ही, आमची मंडळी आणि काकू अशीं तीनच माणसें उरलीं आहेत. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं. काकूंना चालतांना आधार लागतो, आणि आधार देणाऱ्यांचेच गुडघे आतां आधार मागतात. "आजीची कोठें तरी चांगली सोय पाहूं या," असें मुलानें फोनवर सुचविलें. त्याच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता, काळजीच होती. म्हणूनच उत्तर देणें कठीण गेलें.

मोहोळवरून पंढरपूर सुमारें सत्तर किलोमीटर. रस्त्याच्या दुतर्फा शाळू कंबरेएवढा वाढला होता. आमच्या लहानपणीं कुर्डुवाडीस गाडी बदलून अरुंद रुळांवरील चिमुकल्या आगगाडीनें पंढरपुरास जावें लागे. फडक्यांत दशम्या आणि शेंगांची चटणी असे, व गर्दींत आमचा हात काकूंनीं घट्ट धरलेला असे. तो हात सोडविण्याची तजवीज पाहावयास आम्ही आतां चाललों होतों.

वाळवंटांत पुंडलिकाचें दर्शन घेतलें. आईबापांची सेवा चालली असतां दारीं आलेल्या देवास विटेवर थांबावयास सांगणाऱ्याचें हें गांव! त्याच्यापुढें हात जोडतांना आमची मान वर झाली नाहीं. पण याच गांवाची दुसरीहि एक कथा आहे. १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाजानें येथें टाकून दिलेल्या मुलांसाठीं आश्रम काढला. पुढें तो नवरंगे बालकाश्रम म्हणून प्रसिद्धीस आला. म्हणजे रक्ताच्या नात्यानें नाकारलेल्यांस घर देण्याची रीत या पंढरींत दीडशें वर्षांची जुनी आहे.

तेथून विष्णुपदावरून गोपाळपुरास गेलों. टेकाडावरील गोपाळकृष्णाचें देऊळ सर्व वारकऱ्यांच्या ओळखीचें आहे. आषाढी पौर्णिमेस सर्व पालख्या येथें जमतात, काला होतो आणि मगच वारी परत फिरते. देवळांत जनाबाईचें म्हणून एक जातें दाखवितात. जनाबाई गंगाखेडची. नामदेवांच्या घराशीं तिचें रक्ताचें नातें नव्हतें. तरी परंपरेनें तिला त्या कुटुंबापासून कधीं वेगळें काढलें नाहीं. त्या जात्यापुढें आम्ही बराच वेळ उभे राहिलों. त्या घरीं जनाबाई पाहुणी नव्हती. त्या घरचें दळण तिच्या हातीं होतें.

दुपारीं पंढरपूरच्याच परिसरांतील एका वृद्धाश्रमांत गेलों. व्यवस्थापकांनीं खोल्या, खाटा, औषधांचें कपाट, सर्व दाखविलें. स्वच्छता उत्तम होती, पण आमचें मन कांहीं रमेना. मग ओसरीवर आलों. तेथें चारपांच म्हाताऱ्या मेथी निवडीत बसल्या होत्या. एकीनें वर न पाहतांच एक जुडी आमच्यापुढें सरकविली आणि म्हणाली, "बसा माउली, पण हात रिकामे ठेवूं नका." आम्ही मुकाट्यानें मेथी निवडूं लागलों. पलीकडे, सोलापुरांत हातमागावर जन्म काढलेले एक गृहस्थ आश्रमाच्या चादरींच्या उसवलेल्या कडा शिवीत होते. आमटींत मीठ कोणी घालावयाचें यावरून आंत दोघींचें भांडण जुंपलें. तें ऐकून आम्हांस प्रथमच तेथें घर असल्यासारखें वाटलें.

एक गोष्ट तर विसरतांच येत नाहीं. देवाच्या वाती वळणाऱ्या आजी दोन दिवस तापानें पडून होत्या. मेथी संपतांच दोघीजणी कापूस घेऊन त्यांच्या खाटेशीं गेल्या आणि "फुलवात कशी वळायची हो?" म्हणून विचारूं लागल्या. फुलवाती वळणें दोघींनाहि येत होतें. विचारावयाचें म्हणून विचारलें, इतकेंच. आजी उठून बसल्या.

आमच्या मुलीनें मागें एका प्रयोगाची माहिती पाठविली होती, ती येथें आठवली. एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या अमेरिकन विदुषींनीं तो १९७६ सालीं प्रसिद्ध केला. कनेक्टिकट राज्यांतील एका वृद्धगृहांत एका मजल्यावरील वृद्धांना त्यांनीं आपल्या खोलीची मांडणी आपणच ठरवावयास सांगितली, एकेक रोप निवडूं दिलें आणि त्याची निगा त्यांच्यावरच सोंपविली. दुसऱ्या मजल्यावर रोपें दिलीं, पण पाणी परिचारिका घालतील असें सांगितलें. तीन आठवड्यांनीं पाहतां पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक तरतरीत व आनंदी आढळली. याचा अर्थ आम्हांस कोशांतूनच कळावयास हवा होता. 'आ' या उपसर्गापुढें 'श्रम्' धातु येऊन 'आश्रम' शब्द सिद्ध होतो. हें आम्ही तीस वर्षें मुलांना शिकविलें, आणि आश्रम म्हणजे विसांव्याची जागा असें स्वतः समजत राहिलों!

परतीच्या वाटेवर आमचीच चूक डोळ्यांपुढें आली. काकूंचे पाय थकले, तेव्हां प्रेमापोटीं आम्ही म्हणालों, "काकू, आतां तूं कांहीं करूं नकोस. नुसती बैस." आधीं सूप घेतलें, मग विळी, मग देवपूजेची तयारी. ज्या घराची घडी तिनें बसविली, त्या घरांत आम्ही तिला पाहुणी करून ठेवलें होतें. आणि पाहुण्याची सोय कोठें करावयाची, हा प्रश्न मग आपोआपच उभा राहिला.

रात्रीं काकूंना सर्व सांगितलें. आश्रम पाहावयास गेलों होतों, हेंहि लपविलें नाहीं. त्या रागावल्या नाहींत. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तेथें मला काम काय देतील रे?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आमची मंडळी उठली आणि शेंगांनीं भरलेलें सूप काकूंपुढें ठेवून म्हणाली, "काकू, चटणी संपली आहे. तुमच्यासारखी मला साधत नाहीं."

आतां आंघोळ घालावयास व उठबस करावयास सकाळीं एक बाई येतात. नुसत्या मायेनें गुडघे बळकट होत नाहींत. उद्यां आम्हां दोघांच्यानें होईनासें झालें, तर आश्रमाचें दार ठोठावावेंहि लागेल, आणि त्यांत आम्ही कमीपणा मानणार नाहीं. मात्र तेथें गेल्यावर खोली व खाट पाहण्याआधीं आम्ही काकूंचाच प्रश्न विचारूं. तूर्त चटणींत तिखट किती घालावयाचें, हें आमच्या घरीं काकू ठरवितात. आणि जास्त झालें तर आम्ही पाणी पिऊन गप्प बसतों.