आतलं दार

उंची सात फूट, रुंदी अडीच फूट, जाडी 30 मिलिमीटर, वजन पंचवीस किलोच्या पुढं. आमच्या घरी आलं तेव्हा अंगावर वखारीतली धूळ होती आणि एका कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं माप. त्याचं कुणी औक्षण केलं नाही. तो मान बाहेरच्या दाराचा. त्याला दसऱ्याला झेंडूचं तोरण लागतं, उंबऱ्यावर हळदीकुंकू पडतं, नवी सून तिथंच माप ओलांडते. आतल्या दाराला टॉवेल अडकवायचा एक खिळा मिळाला तरी खूप. पण माणसाला घरात स्वतःपुरती जागा देतं ते हेच दार, आणि म्हणून मला त्याच्याबद्दल लिहायचंय.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. हे शहर दीडशे वर्षं पाळ्यांवर जगतंय. जुनी गिरणी 1877 च्या सुमारास सुरू झाली, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आल्या आणि भोंग्यावर गाव उठायला-झोपायला लागलं. गिरण्या गेल्या, पाळ्या राहिल्या. आता त्या यंत्रमागावर आहेत. आमचे अण्णा टॉवेलच्या मागावर रातपाळी करतात. सकाळी घरी येतात तेव्हा कानात मागाची खटखट आणि केसांत कापसाचा भुरा. अंघोळ करून, दोन घास खाऊन आडवं व्हायचं. आणि नेमकं तेव्हाच घर जागं झालेलं असतं. कुकर शिट्ट्या मारतोय, मिक्सर फिरतोय, भाजीवाला गल्लीत ओरडतोय, पोरं शाळेच्या गडबडीत.

खोलीच्या तोंडाला इतकी वर्षं जुनी सोलापुरी चादर टांगलेली होती. चादर चांगली जाड, पण तिला नजर अडवता येते, आवाज नाही. वहिनी दिवसभर भांडी अलगद ठेवायची, आई टीव्ही मुका करून बघायची. घरातल्या सगळ्यांनी दबक्या आवाजात जगायचं आणि तरीही झोपणाऱ्याची झोप मोडायचीच. रातपाळीच्या माणसाची दिवसाची झोप ही चैन नाही. चालू मागापाशी डोळा लागला तर बोट जातं.

म्हणून दार. त्यातही भरीव दार, हा हट्ट माझा. दुकानात पीव्हीसीचं दार दाखवलं. स्वस्त, पाण्याला न भिणारं, न्हाणीघराला उत्तम. पण आवाज अडवायचा तर अंगात वजन लागतं, ते त्याच्यात नाही. फ्लश डोअरमध्येही दोन जाती. वरून सगळी सारखीच गुळगुळीत. बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. आतून पोकळ असलेलं ढबढब बोलतं. भरीव असलेलं एकदाच, कोरडं, ठक्क. आम्ही घेतलं ते ठक्क म्हणणारं.

बसवायला आलेले मिस्त्री साठीच्या पुढचे. आधी दाराकडं बघितलंसुद्धा नाही. ओळंबा काढला आणि चौकटीशेजारी सोडला. दोरी वरती लाकडाला टेकली आणि खाली बोटभर लांब राहिली. "दार सरळ हाय वो," ते म्हणाले, "भिंतच फिरल्याय." सोलापूरची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायाचं घर असलं की तेही तिच्याबरोबर थोडं थोडं हलत राहतं. चौकट कधीकाळी काटकोनात असेल, आता नव्हती. नव्या दारानं जुन्या चौकटीशी जुळवून घ्यायचं होतं. पण फ्लश डोअर मन मानेल तसं तासता येत नाही. कडेला आत लाकडाची पट्टी असते, रंधा चालतो तो तेवढ्यापुरताच. जास्त काढलं तर आतला भराव उघडा पडतो.

मिस्त्रींनी दार चौकटीत उभं केलं, खाली दोन पाचरी सरकवल्या आणि चौकटीच्या कडेनं दारावर पेन्सिल ओढत नेली. वरच्या कोपऱ्यात रेघ कडेला चिकटलेली, खाली येईतो कडेपासून चांगली लांब. त्या निमुळत्या फाकेपुरता रंधा मारला. पुन्हा उभं केलं, पुन्हा काढलं. फटीत रुपयाची दोन नाणी एकावर एक धरून वरपासून खालपर्यंत सरकवत नेली; अडतील तिथं अजून एक हात रंधा. मग पटाशीनं बिजागऱ्यांची घरं कोरली. पान लाकडाशी अगदी समतल बसलं पाहिजे, नाहीतर दार मिटताना कुरकुरतं. बिजागऱ्या तीन. वरची ओढ सोसते, खालच्या बाजूला दार चौकटीला रेटत असतं, मधली त्याला बाक येऊ देत नाही. एकही स्क्रू हातोडीनं ठोकला नाही. प्रत्येक फिरवून बसवला, वरच्या बिजागरीचे जास्त लांब. चौकटीच्या खाचेत रबराची पट्टी लावली, म्हणजे वाऱ्यानं आपटलं तरी घर दचकणार नाही.

पण त्यांनी केलेलं एक काम मी इतर कुणाला करताना पाहिलेलं नाही. दार टांगण्याआधी आडवं घेऊन तळाची कड ऑइलपेंटनं दोनदा रंगवली, आणि डोक्याची कडही. या दोन कडा कुणालाच दिसत नाहीत, म्हणून बहुतेक दारांच्या कोऱ्याच राहतात, आणि पाणी शिरतं ते तिथूनच. पावसाळ्यात दारं फुगतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोलापुरात ती मे महिन्यातही फुगतात. बाहेर पारा 43-44 वर, हवा कोरडी ठणठणीत, आणि खोलीत कूलर दिवसभर ओली हवा फेकतोय. समोर दार असलं तर ती सगळी तेच पितं.

कूलरनं दुसराही पेच घातला. कूलरची हवा आत यायची तर आतली बाहेर जायला वाट लागते. दार घट्ट लावलं की खोली दमट होते, उघडं ठेवलं की कुकरची शिट्टी आत. यावर वहिनीनं तोड काढली. चौकटीवरच्या बंद झरोक्यातला पुठ्ठा काढून तिथं जाळी बसवून घेतली. थोडा आवाज येतो, पण आता अण्णांना दुपारी एकपर्यंत झोप लागते.

हा प्रश्न काही आमच्या एकट्याच्या घराचा नाही. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची वसाहत आखली गेली. 19 जानेवारी 2024 ला त्यातली पहिली 15 हजार घरं दिली गेली. यंत्रमाग कामगारांना, विडी कामगारांना, कचरावेचकांना. त्याआधी तिथंच गोदुताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांना 10 हजार घरं मिळाली. हक्काचं छप्पर ही फार मोठी गोष्ट आहे. पण किल्ली मिळते ती बाहेरच्या दाराची. कामगाराच्या घरात मिटता येणारं एक आतलं दारही पहिल्यापासूनच धरायला हवं. ते कुणाच्या झोपेसाठी, कुणाच्या बाळंतपणासाठी, कुणाला नुसतं रडून घेण्यासाठी लागतं.

आमच्या दाराला आता दीड पावसाळा झाला. श्रावणात कडीजवळ किंचित जड होतं, दिवाळीला पुन्हा हलकं. अण्णा ते लावतात तेव्हा घरातले मोठ्यानं बोलतात. आईनं टीव्हीला आवाज दिलाय. आता तिच्या खोलीलाही असंच भरीव दार बसवायचं ठरलंय. माप घेऊन झालं. फक्त त्या चौकटीची डावी बाजू वाळवीनं खाल्लीय, ती आधी बदलावी लागेल.