गैरहजरांनी हात वर करा

दादाच्या भजनांच्या ४२ कॅसेटी मी सध्या एकेक करून संगणकात उतरवतो आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतातच, तिथे घाई चालत नाही. गेल्या दिवाळीत पुतण्याने जुन्या संगणकावर जेलिफिन बसवून दिले. २०१८ साली एम्बी नावाच्या प्रणालीपासून वेगळी झालेली ही फुकट प्रणाली. गाणी आपल्याच घरात ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, टॅबवर ऐकायची. वरच्या मजल्यावर वहिनी रोज संध्याकाळी दादाचा आवाज ऐकू लागल्या.

या प्रणालीत पडद्यामागे बरीच कामे चालतात. नव्या फायली आल्यात का हे ती ठरलेल्या वेळी तपासते, जुन्या नोंदी पुसते, साफसफाई करते. डॅशबोर्ड उघडला की कुठले काम किती टक्के झाले ते दिसते. पण रोज उठून कोण बघणार? म्हणून पुतण्याने वेबहूक नावाचे प्लगइन जोडले. काही घडले की मला ई-मेल!

पहिल्या आठवड्यात मी हैराण झालो. गाणे आले, मेल. वहिनींनी गाणे लावले, मेल. थांबवले, मेल. साफसफाई झाली, त्याचीही मेल. वर्गात एखादा मुलगा दर पाच मिनिटांनी "सर, सर" करतो ना, अगदी तसे. शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, आता काम फसलं तरच मेल येईल." सुटलो म्हटले.

पावसाळ्यात आठ-नऊ दिवस एकही मेल नाही. सगळे सुरळीत चालले आहे, या समाधानात मी. एकदा वर गेलो तेव्हा सहज विचारले, "वहिनी, परवाचं भजन ऐकलंत का?"

"भाऊजी, आठ दिवस झाले, काहीच लागत नाही. म्हटलं, तुम्हीच बंद केलं असेल. उगाच कशाला विचारायचं?"

खाली येऊन पाहतो तर संगणकच बंद. वीज गेली, परत आली, पण तो आपला आपण सुरू झाला नव्हता. आता बंद पडलेला संगणक "मी बंद पडलो" असे कळवणार कसा?

आणि ३४ वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाला हे सुचू नये! "गैरहजर असतील त्यांनी हात वर करा" असे मी वर्गात कधी म्हटले नाही. हजर असलेल्याने "हजर" म्हणायचे. आवाज आला नाही की मान वर करून बघायचे.

पुतण्याला फोन करून बदल करून घेतला. आता रोज सकाळी सहाला तपासणी होते आणि ती पुरी झाल्याची एकच मेल येते. चहाच्या वेळेपर्यंत ती आली नाही, तर मी उठून संगणकाकडे जातो. बाकीच्या मेल बंदच आहेत.

वहिनींना मात्र मेल पाठवता येत नाही, आणि त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे ऐकत असतील, असे मी धरून चाललो. ती चूक संगणकाची नव्हती.

असो. २७ कॅसेटी झाल्या, १५ राहिल्या. संध्याकाळी मी आता स्वतःच वर जाऊन बसतो.