पदं कापली, बरं केलं

नाट्यपदाला कात्री लावणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. आयुष्य संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात गेलं. पद रंगलं, वन्समोअर आला, गायक नटाने पुन्हा षड्ज लावला की माझ्या लेखी नाटक झालं. सांगलीतल्या काही विशी-पंचविशीच्या मुलामुलींनी ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवायला घेतलं आणि साथीला मला बोलावलं, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, पदं सगळी घ्यायची. दिग्दर्शक मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, निम्मीच घेणार आहोत. आणि तीही दोन-अडीच मिनिटांत आटपायची.”

तरीही गेलो. नाटककार देवल जन्माने हरिपूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांच्या नाटकाला नाही म्हणणं जिवावर येतं. शिवाय मनात एक खवट विचारही होता. ही पोरं तोंडावर आपटणार, तर निदान जवळून बघू.

सुरुवातीला तशी लक्षणं दिसलीही. फाल्गुनराव करणाऱ्या मुलाने टूम काढली की अश्विनशेठच्या तसबिरीऐवजी मोबाइल घ्यावा, म्हणजे नाटक ‘आजचं’ होईल. मी गालातल्या गालात हसलो. त्यांनी तालमीत तसं करून पाहिलं आणि प्रवेश जागच्या जागी कोसळला. मोबाइलमधला फोटो कुणाकडेही असू शकतो, त्यावरून कुणाची चोरी पकडणार? तसबीर मात्र जगात एकच. ती अश्विनशेठच्या प्रेयसीच्या, रेवतीच्या हातून पडते, फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते, तिच्याकडून फाल्गुनराव हिसकावतो आणि त्याच्या हातात अश्विनशेठ स्वतःचं चित्र बघतो. ज्याच्या हाती ती जाते, त्याच्यावर दुसरा कुणीतरी संशय घेतो. हे सगळं मी त्यांना सांगणार होतो. त्याआधी त्यांनीच तालीम थांबवली, आपसांत वाद घातला आणि मोबाइल खिशात गेला. मला बोलायची गरजच पडली नाही, याचा थोडा रागही आला.

मग कृत्तिकेचा प्रवेश बसवला. त्या मुलीने तसबीर उचलली, काच धुळीने माखलेली असावी तशी पदराने पुसली आणि नीट दिसावी म्हणून उजेडाकडे वळली. बस्स, एवढंच. तिच्या चेहऱ्यावर प्रेम नाही, फार तर कुतूहल. पण फाल्गुनरावाला दिग्दर्शिकेने अशा कोनात आणलं होतं, की त्याला बायकोची फक्त पाठ आणि छातीशी हलणारा कोपर दिसावा. आम्हाला दोन्ही दिसत होतं, ती काय करते आहे आणि त्याला काय वाटतं आहे. मी हसलो, अगदी मोठ्याने. हा प्रवेश माझ्यासमोर किती वेळा झाला असेल, पण तो मी कधी पाहिलाच नव्हता. गद्य सुरू झालं की आम्ही साथीदार पुढच्या पदाची पट्टी बघणार, तबलजी हातोडी घेऊन बसणार, कुणीतरी चहा पुढे सरकवणार. नाटक पदांच्या मधल्या वेळात होत असे.

खरी ठिणगी पडली ती अश्विनशेठच्या पदावरून. मुलगा उत्तम गातो. तो रेवतीला जाब विचारतो, त्या जागी मी सवयीने फिरत चालू ठेवली, त्यालाही खुणावलं, तोही खुलला. दिग्दर्शिकेने टाळी वाजवून थांबवलं. “काका, ती चिडून निघालीये. तिला इतका वेळ तिथे उभी कशी ठेवू?” मी म्हटलं, “अगं, आजवर सगळ्या रेवत्या उभ्या राहिल्या आहेत.” त्यावर रेवतीचं काम करणारी मुलगी म्हणाली, “हो, आणि म्हणून आजवर सगळ्यांना अश्विनशेठचीच दया आली.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाल्गुनरावाचा संशय हा संशयी नवऱ्याचा संशय, तो जगात कुणावरही बसतो. अश्विनशेठचा संशय तसा नाही. रेवती नायकिणीच्या घरातली, तेव्हा तिच्याबद्दल वाईट ऐकायला त्याला फार पुरावा लागत नाही. त्याची तक्रार सुरेल असते म्हणून ती खरी आहे का, हे आपण विचारतच नाही. पद छोटं केल्यावर तो सुटत नाही. रेवती ताडकन उत्तर देते, आणि तालमीत हसत बसलेली पोरं त्या ठिकाणी गप्प झाली.

घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. देवलांनी हे नाटक आधी ‘फाल्गुनराव’ या नावाने १८९३ साली गद्यातच लिहिलं होतं, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. त्याच्यामागे आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराचं १७६१ सालचं नाटक, आणि त्याच्याही मागे मोलिएरचं १६६० सालचं ‘स्गानारेल’. पदं आली ती शेवटी. गंधर्व मंडळीने १९१६ साली हे संगीत रूप रंगभूमीवर आणलं, ते देवल गेल्यानंतर. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व, तेव्हा गाणं वाढलं नसतं तरच नवल. पण त्याच प्रयोगातला गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला, तो अभिनयावर. देवल स्वतः नावाजलेले तालीममास्तर. हा सगळा घोटाळा त्यांनी तोंडच्या बोलण्यावर आणि हातातल्या एका वस्तूवर उभा केलेला आहे. गाणं त्यावरचा साज.

अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी निपुण धर्माधिकारींच्या दिग्दर्शनात हेच नाटक केलं, तेव्हा ते आटोपशीर केल्याबद्दल मी चारचौघांत नाक मुरडलं होतं. आता मुरडणार नाही.

मुलांचं सगळंच पटलं असं मात्र नाही. कॉलरला टाचलेले माइक मला अजून सहन होत नाहीत; कुजबुज आणि आरोळी एकाच मापाने ऐकू येते. भादव्या नोकराचं काम करणारा मुलगा हशा वसूल करायला थांबतो आणि पुढचं वाक्य सांडतो. शेवटी सगळ्यांच्या शंका फिटतात तो भाग त्यांनी इतका घाईत उरकला आहे, की तसबिरीचा प्रवास आठवायला प्रेक्षकाला उसंत मिळत नाही. हे त्यांना सांगून झालं आहे, पुन्हा सांगेन.

पण ‘संशयकल्लोळ’ तरुणांनी करावं, पदं बेताची ठेवून करावं, आणि बघायला जाणाऱ्याने रेवतीचं बोलणं कान देऊन ऐकावं, असं माझं आता स्पष्ट मत आहे. एवढं ऐकून उद्या कुणी ‘मानापमाना’ची पदं कापायला निघालं, तर साथीला दुसरा माणूस बघा.