उपकेंद्रातली वही

त्याचे बाबा भोपाळच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. शाळेला सुट्टी असली की डबा पोचवायचं काम त्याच्याकडे. टेबलावर जाड पुठ्ठ्याची लांबट वही उघडी असायची. तासातासाला व्होल्टेज आणि लोडचे आकडे, आणि मध्येच लाल शाईत एखादी ओळ: किती वाजता फीडर ट्रिप झाला, कोणत्या रिलेचा फ्लॅग पडला. आधी फ्लॅग बघायचा, वहीत लिहायचा, मगच ब्रेकर चढवायचा, हा बाबांचा दंडक. मुलाला त्याचं नवल वाटायचं. अख्खी वस्ती अंधारात आहे आणि बाबा लिहीत बसलेत!

हे कुटुंब मूळचं नागपूरचं. 1 नोव्हेंबर 1956 ला नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी माणसं फायली, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या घेऊन इकडे आली. त्यांत आजोबाही होते. अशा घरांमधली पत्रं आणि फोटो एका ठिकाणी जमवावेत, म्हणून पन्नाशीच्या आसपास त्याने एक वेबसाइट सुरू केली. सर्व्हर म्हणजे घरातलाच जुना कॉम्प्युटर.

लाइट गेली की कॉम्प्युटर बंद. परत आली की पडद्यावर ठरलेला निरोप: टेबल क्रॅश झालं आहे, दुरुस्त करा. तो दुरुस्तीची आज्ञा द्यायचा, साइट उठायची, तो झोपायला जायचा. एकदा मात्र दुरुस्तीनंतर काही पत्रं गायब झालेली दिसली, तेव्हा तो मुळाशी गेला. साइटचा डेटाबेस मायएसक्यूएलचा, आणि त्यातली टेबलं ‘मायआयसॅम’ या जुन्या पद्धतीची होती. ती माहिती थेट फाइलमध्ये लिहिते. लिहिता लिहिता वीज गेली तर ओळ अर्धी राहते. ‘इनोडीबी’ ही दुसरी पद्धत प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये उतरवते, आणि मशीन पुन्हा सुरू झालं की तो लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करते. म्हणजे डेटाबेसच्या पोटातही बाबांसारखा एक ऑपरेटर वही घेऊन बसलेला असतो! मायएसक्यूएलने 2010 मध्ये, 5.5 या आवृत्तीपासून, हीच पद्धत मूळ सेटिंग केली. पण नवी आवृत्ती टाकल्याने जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. त्याने ती रात्री बसून एकेक करून बदलली.

पुढे साइट भाड्याच्या सर्व्हरवर नेली आणि अक्षरंच फुटली. मायएसक्यूएल जन्माने स्वीडनचं, 8.0 ही आवृत्ती 2018 मध्ये येईपर्यंत त्याचा मूळ अक्षरसंच ‘लॅटिन-1’ आणि वर्णक्रम स्वीडिश. ‘मराठी’ या शब्दाला युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत पंधरा बाइट लागतात. लॅटिन-1 मध्ये आपल्या एकाही अक्षराला जागा नाही. जुनी पत्रं विचित्र चिन्हांमध्ये दिसत होती, पण त्यांचे बाइट शाबूत होते. ते उलट फिरवून परत मिळाले. स्थलांतरानंतर नव्याने टंकलेल्या पत्रांची नुसती प्रश्नचिन्हं झाली होती. प्रश्नचिन्हातून अक्षर परत येत नाही.

तिसरं दुखणं सर्वांत चिवट निघालं. सकाळी साइट उघडावी तर डेटाबेसशी जोडणी नाही. रीस्टार्ट केलं की सगळं ठीक. कंटाळून त्याने दर पाच मिनिटांनी तपासून डेटाबेस उठवणारी स्क्रिप्ट लावली आणि महिनाभर सुखात राहिला. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी चूक. स्क्रिप्ट साइट उठवत होती आणि कारण झाकत होती.

शेवटी त्याने स्क्रिप्ट काढली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वही आणली. वेळ, उरलेली मेमरी, उरलेली डिस्क, त्याआधी काय चाललं होतं. बारा नोंदी झाल्या. बाराही वेळा रात्रीचे अडीच वाजून गेलेले. डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये बंद पडण्याचा उल्लेखच नव्हता, एकदम पुन्हा सुरू झाल्याची ओळ. खरी नोंद लिनक्सच्या कर्नलकडे होती: मेमरी संपली, म्हणून सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रक्रिया मारली. एक जीबीचा तो सर्व्हर, अडीचला फोटोंचा बॅकअप सुरू होई, त्याच वेळी वेब सर्व्हरच्या ढीगभर प्रक्रिया जागा अडवून बसत. दोष डेटाबेसचा नव्हताच. त्याचा बळी जात होता. त्याने त्या प्रक्रियांची संख्या कमी केली, बॅकअपची वेळ हलवली, मेमरी कमी पडली तर वापरायला डिस्कवर दोन जीबी स्वॅप दिला.

साइट पडली की आपला हात आधी रीस्टार्टकडे जातो. त्याआधी दोन मिनिटं द्या आणि वेळ, मेमरी, डिस्क, लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी उतरवून ठेवा, एवढं त्याचं सांगणं आहे.

त्याच्या वहीत तेरावी नोंद झालेली नाही. प्रश्नचिन्हं झालेल्या पत्रांपैकी अकरा पुन्हा टंकायची राहिली आहेत. मूळ कागद कपाटात, बाबांच्या चष्म्याशेजारी आहेत.