निळा रंग गेला, पुढे?

मिथिलीन ब्लू हा आमच्या धंद्यातला सगळ्यात खुशामतखोर रंग. त्याच्या पाण्यात झिंक ऑक्साइडची चिमूट टाकून बीकर दिंडोरीच्या मार्चमधल्या उन्हात ठेवला की बघता बघता निळं पाणी पांढरं होतं. विद्यार्थी खूश, आलेख देखणा, शोधनिबंध तयार. मला मात्र त्या पांढऱ्या पाण्याचा अजून विश्वास वाटत नाही.

प्रकाश-उत्प्रेरणाच्या (फोटोकॅटॅलिसिस) या विद्येची सुरुवात १९७२ ची. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन घडवल्याचं प्रसिद्ध केलं. प्रकाश पडला की ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन वर उडी मारतो, मागे पोकळी राहते, आणि त्या पोकळीतून पाण्याचे हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. समोर येईल तो सेंद्रिय रेणू ते फोडतात. या उडीला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे काम फक्त अतिनील किरणांचं, आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के.

खरी डोकेदुखी पुढेच. नॅनो आकाराची पूड पाण्यात गेली की परत येत नाही. खाली बसत नाही, साध्या फिल्टर पेपरमधून निसटते. पाणी शुद्ध करायला टाकलेली वस्तूच पाण्यात राहिली तर काय साधलं? म्हणून पूड धरून ठेवायला सेल्युलोज. तो आमच्याकडे बांधावर पडलेला असतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात. काड्या वाळवून दळायच्या, कॉस्टिक सोड्यात उकळून लिग्निन काढायचं, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवायच्या. उरतो तो पांढरा लगदा झिंक अ‍ॅसिटेटच्या द्रावणात ढवळत ठेवून कॉस्टिकचे थेंब सोडायचे, म्हणजे ऑक्साइड तंतूवरच धरतो. इथे घाई चालत नाही. थेंब भराभर पडले की गुठळ्या होतात आणि पूड तंतू सोडून भांड्याच्या तळाशी जाते. नंतरचं धुणं तर माणसाचा अंत पाहतं. धुवणाचा सामू सातवर येईपर्यंत सुटका नाही.

टायटॅनियम का नको, असं मुलं विचारतात. नेहमीच्या पद्धतीत त्याचे स्फटिक नीट जमायला चारशे अंशांच्या पुढची भट्टी लागते, आणि सेल्युलोज तीनशेच्या आसपासच जळायला लागतो. झिंक ऑक्साइड त्या मानाने कमी उष्णतेत जमतो. पण तो आम्लात विरघळतो, म्हणून प्रयोगानंतर पाण्यातलं जस्त मोजणं आलंच. शिवाय मूलकांना आपपर नाही. रंग फोडता फोडता ते आधाराचा तंतूही कुरतडतात. एकाच तुकड्यावर वारंवार प्रयोग केला की ते कळतं.

आता त्या पांढऱ्या पाण्याकडे. रंग जायला तीन वाटा आहेत: रेणू फुटला, नुसता सेल्युलोजला चिकटला, किंवा उन्हाने आपोआप विटला. म्हणून बीकर आधी अर्धा तास अंधारात ढवळायचा आणि उत्प्रेरक नसलेला दुसरा बीकर शेजारी उन्हात ठेवायचा. एवढं करूनही रेणू अर्धाच फुटलेला असू शकतो. द्राक्षावर फवारल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडचं विघटन होताना ६-क्लोरोनिकोटिनिक आम्ल मधेच राहतं, आणि त्याला डोळ्यांना दिसणारा रंगच नाही.

पाणी बदललं की गणितही बदलतं. डिस्टिल्ड पाण्यात चपळ असलेला उत्प्रेरक विहिरीच्या पाण्यात मंदावतो, कारण काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यातले बायकार्बोनेट मूलकांना आधीच गिळतात. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं तर मूलद्रव्य. कितीही ऊन दाखवा, तांबं तांबंच राहतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती; निर्यातीच्या घडावरचा अंश काटेकोरपणे मोजला जातो. फवारणीचा ब्लोअर धुतलेलं पाणी मात्र बहुतेक वेळा ओढ्याकडेच वाहतं.

म्हणून प्रकल्प करणाऱ्या मुलांना एकच सांगणं: मिथिलीन ब्लूवर हात बसवा, पण निष्कर्ष त्यावर लिहू नका. कडवा नदीचं, विहिरीचं, ब्लोअर धुतल्याचं पाणी आणा आणि रंगाऐवजी त्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन मोजून घ्या. आकडा कमी देखणा येईल, तोच छापा.